खडकाळ रानातलं नृत्यघर

बर्कशरच्या डोंगरात शेती करणं हा पहिल्यापासूनच आतबट्ट्याचा व्यवहार होता. हिमयुग सरताना मागे हटलेल्या बर्फाने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या या पश्चिम टोकाला माती कमी आणि दगड जास्त ठेवले. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, आणि वसंतात बर्फ वितळलं की मागच्या वर्षी नसलेले गोटे वर येऊन बसलेले असतात. ते वेचायचे, बैलांकरवी ओढत नेऊन बांधाला रचायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आज या भागातल्या दाट जंगलातून चालताना मध्येच कमरेएवढी दगडी भिंत आडवी येते. दोन्ही बाजूंना झाडीच. मग लक्षात येतं की हे जंगल नव्हतंच, कुणाचं तरी शेत होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मॅसॅच्युसेट्सची निम्म्याहून अधिक जमीन झाडं तोडून उघडी केलेली होती. मग पश्चिमेची वाट खुली झाली. १८२५ साली ईरी कालवा सुरू झाला, पाठोपाठ आगगाडी आली आणि ओहायोकडच्या सपाट, कसदार जमिनीतलं धान्य पूर्वेच्या बाजारात स्वस्तात येऊन पडू लागलं. डोंगरातल्या शेतकऱ्याने काही काळ मेंढ्या पाळून तग धरला, मग त्यानेही गाशा गुंडाळला. पोरं गिरण्यांत गेली किंवा पश्चिमेला. शेतं रानाने परत घेतली.

बेकेट गावच्या हद्दीतलं कार्टर कुटुंबाचं शेत या कहाणीत चपखल बसतं. १७९० साली कार्टर मंडळी इथे आली आणि काही पिढ्या राहिली. डोंगर चढून जाणारा घोडागाड्यांचा रस्ता इतकी वळणं घेत वर जायचा की लोक त्याला 'जेकब्ज लॅडर' म्हणू लागले. बायबलमधल्या जेकबला स्वप्नात स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते, ती ही शिडी. त्या रात्री जेकब दगड उशाला घेऊन झोपलेला असतो. कार्टरांच्या घरामागे उशीच्या आकाराचा एक मोठा धोंडा होता. शिडी होतीच, उशी आयती मिळाली. शेताचं नाव पडलं 'जेकब्ज पिलो'. गुलामगिरीतून पळून उत्तरेकडे निघालेल्या माणसांना लपवणाऱ्या गुप्त साखळीतलं हे घर एक ठाणं होतं, असंही परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

१९१० साली जुन्या घोडागाडीच्या वाटेच्या जागी मोटारींसाठी डोंगरावरून रस्ता झाला. त्या काळात खास मोटारींसाठी डोंगरातून काढलेला रस्ता ही नवलाई होती. शेत संपत आलं होतं आणि शहरातल्या माणसाला तिथवर यायची सोय झाली होती. १९३१ साली हे रिकामं पडलेलं घर, गोठा-कोठार आणि भोवतालचं रान एका नर्तकाने विकत घेतलं.

टेड शॉन त्याचं नाव. जन्म १८९१, कॅन्सस सिटीचा. धर्मोपदेशक व्हायचं म्हणून डेन्व्हर विद्यापीठात शिकत असताना त्याला घटसर्प झाला आणि त्यातून शरीर लुळं पडलं. हातापायांत पुन्हा बळ यावं म्हणून त्याने नृत्याचे धडे घ्यायला सुरुवात केली, आणि मग चर्च कायमचं सुटलं. १९१४ साली त्याने रूथ सेंट डेनिसशी लग्न केलं. तेव्हा ती अमेरिकेतली गाजलेली नर्तकी होती. पुढच्या वर्षी दोघांनी लॉस एंजेलिसमध्ये 'डेनिशॉन' नावाची शाळा काढली. अमेरिकेच्या आधुनिक नृत्याचा वंशवृक्ष काढायचा तर मुळाशी हीच शाळा येते. मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन ही सगळी मंडळी इथलीच. यथावकाश तिघांनीही गुरूंशी फारकत घेतली, हे वेगळं सांगायला नको.

१९३०च्या सुमाराला डेनिशॉन मोडली आणि नवरा-बायकोचे मार्गही वेगळे झाले. चाळिशीला आलेला, कंपनी मोडलेला, भोवती आर्थिक मंदीचा काळ, अशा अवस्थेत शॉन या शेतावर येऊन राहिला. डोक्यात मात्र एक हट्ट होता. पुरुषाने रंगमंचावर गंभीरपणे नाचणं म्हणजे काहीतरी बायकी, संशयास्पद, असं अमेरिकेला वाटत होतं. बॅलेतही पुरुषाचं काम नायिकेला उचलून धरायचं. शॉनला केवळ पुरुषांची कंपनी उभी करायची होती.

त्याची सुरुवात झाली स्प्रिंगफील्ड कॉलेजात. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारं हे कॉलेज. बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली इथलाच. १९३२-३३मध्ये शॉन तिथे शिकवायला गेला. कुणी कुस्तीगीर, कुणी जलतरणपटू, कुणी उंच उडीवाला, अशा पोरांना नाच शिकायचा म्हटल्यावर त्यांनी सुरुवातीला खळखळ केली. शॉनने त्यांना पाय कसा नाजूक उचलायचा ते शिकवलंच नाही. त्याने त्यांना लाकूड फोडायला, भाला फेकायला, दोर ओढायला लावलं, आणि मग त्याच हालचाली संगीतावर घेतल्या. यातले काही तरुण आणि काही बाहेरचे असे मिळून 'टेड शॉन अँड हिज मेन डान्सर्स' ही कंपनी झाली. २१ मार्च १९३३ रोजी बॉस्टनला पहिला प्रयोग झाला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने देशातल्या सगळ्या बँका काही दिवसांसाठी बंद ठेवल्या होत्या. नृत्यकंपनी काढायला याहून वाईट महिना शोधूनही सापडला नसता.

उन्हाळ्यात सगळे शेतावर राहायला आले. राहायला खोल्या नव्हत्या, म्हणून पोरांनी लाकडी खोपटी बांधली. सरपण फोडलं, दगड उपसले, चौथरे आणि वाटा केल्या. सकाळी कोठारात नृत्याचा तास, मग अंगमेहनत, दुपारचं जेवण उघड्यावर, आणि जेवणानंतर सगळे उन्हात पडलेले असताना शॉन त्यांना पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचा. गुरुकुल म्हणा, आखाडा म्हणा. शिस्त दोन्हीकडची होती. आणि गुरू स्वतःच्या मोठेपणाबद्दल निःशंक होता, हेही त्यात आलंच.

वाणसामानाचे पैसे संपत आले तेव्हा शॉनने जुलै १९३३मध्ये कोठाराचं दार लोकांना उघडलं. तिकीट ७५ सेंट, त्यात चहा आणि सँडविच. पहिल्या दिवशी ४५ माणसं आली. बर्कशरमध्ये तेव्हा न्यूयॉर्क-बॉस्टनच्या श्रीमंतांची उन्हाळी घरं होती. त्यांना 'कॉटेज' म्हणायची पद्धत, पण कॉटेज कसली, ते राजवाडेच. तिथल्या वयस्क, प्रतिष्ठित बायका मोटारी घेऊन या आडरानात यायच्या. अंगरखे गुंडाळलेली धिप्पाड पोरं त्यांना अदबीने चहा द्यायची, मग शॉन उभा राहून आपल्या कामाबद्दल बोलायचा, आणि मग तीच पोरं अंगरखे बाजूला टाकून नाचायची. एरवी ज्या नाचाकडे पाहून नाकं मुरडली गेली असती तो चहाच्या कपाबरोबर, व्याख्यानाच्या वेष्टनात, आणि मुख्य म्हणजे कोठाराच्या फळ्यांवर आला म्हणून पचला. प्रेक्षक वाढत गेले, कोठार अपुरं पडू लागलं.

शॉनच्या या युक्तीकडे जरा थांबून पाहायला हवं. जुनी वास्तू घेऊन तिच्यात कलाकेंद्र काढलं की शेत ही बहुधा शोभेची गोष्ट होते. नांगर भिंतीवर टांगायचा, जात्यावर फुलदाणी ठेवायची. इथे शेताने शोभेपुरतं राहायला नकार दिला. १९३४ साली शॉनने 'लेबर सिंफनी' बसवली. संगीत जेस मीकरचं. हा पियानोवादक कंपनीबरोबर गावोगाव हिंडायचा. या रचनेचे चार भाग: शेतातले श्रम, जंगलातले श्रम, समुद्रावरचे श्रम, यंत्राचे श्रम. रंगमंचावर अवजार एकही नाही. पेरणाऱ्याचा हात खांद्यापासून अर्धवर्तुळात फिरतो आणि त्याच झोकात पुढचं पाऊल पडतं. दोघे समोरासमोर उभे राहून नसलेला करवत ओढतात, एकाची पाठ मागे जाते तेव्हा दुसऱ्याची पुढे येते. मग सगळे एका रांगेत बसून वल्ही मारतात, जाळं ओढतात. शेवटी माणसं एकमेकांत अडकून दट्ट्या आणि चाकं होतात, आणि पहिल्या तीन भागांतला श्वासाचा मोकळेपणा निघून जातो. त्या काळच्या मूक फिल्मवर हे सगळं चित्रित झालेलं आहे. आज पाहताना काही जागा भाबड्या वाटतात, काही चक्क हसू आणतात. पण खांद्यांत आणि पाठीत जो खरेपणा दिसतो तो आरशासमोर कमावलेला नाही. सकाळी ज्यांनी खरंच ओंडका कापलाय त्यांची ती शरीरं आहेत.

पुढच्या वर्षीच्या 'कायनेटिक मोल्पाय'मध्ये श्रमाची नक्कलही गळून पडली. उरलं ते ताण आणि सैलावणं, लोटणं आणि परतणं, पडणं आणि उठणं. पुरुषांच्या कंपनीचं हे सर्वांत कसदार काम, असं माझं मत. सात वर्षांत या कंपनीने साडेसातशेहून अधिक गावं पालथी घातली. अमेरिका, कॅनडा, क्यूबा, इंग्लंड. कधी शाळेच्या व्यायामशाळेत, कधी मोठ्या नाट्यगृहात, आज इथे तर उद्या तिथे. शॉनने पुढे आत्मचरित्र लिहिलं त्याचं नावही 'वन थाउजंड अँड वन नाइट स्टँड्स' असंच आहे. शेवटचा प्रयोग मे १९४०मध्ये बॉस्टनला झाला. थोड्याच काळात महायुद्धाने यातली बहुतेक पोरं लष्करी गणवेशात नेली.

कंपनी मोडली तेव्हा शॉन कर्जात रुतलेला होता. शेत विकायचं की नाही, अशी वेळ आली. १९४०च्या उन्हाळ्यात त्याने जागा भाड्याने दिली. १९४१मध्ये बॅलेतले दोन मोठे तारे, अलिशिया मार्कोव्हा आणि अँटन डोलिन, यांनी ती भाड्याने घेतली आणि तिथे आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवला. तो इतका रंगला की परिसरातल्या लोकांनाच चुटपुट लागली, हे हातचं जाऊ द्यायचं का? त्यांनी संस्था स्थापन केली, ५० हजार डॉलर उभे केले, जागा विकत घेतली आणि नाट्यगृह बांधायला काढलं. ही जागा खऱ्या अर्थाने 'सामुदायिक' झाली ती या क्षणी, असं मला वाटतं. तोवर ते एका माणसाचं स्वप्न आणि त्याच माणसाचं कर्ज होतं. १९४१-४२नंतर शॉन हा तिथला संचालक झाला, मालकी संस्थेची.

नाट्यगृहाचा आराखडा जोसेफ फ्रान्झ या स्थानिक अभियंत्याने केला. जवळच्याच टँगलवुडला बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदासाठी जी प्रचंड मोठी 'शेड' १९३८ साली उभी राहिली, तीही त्याच्याच हातून पुरी झालेली. सारिनेनसारख्या नामांकित वास्तुकाराचा महागडा आराखडा साधा करून, उपलब्ध पैशांत बसवून दाखवणारा हा माणूस. इथे त्याने सरळ कोठारच बांधलं, फक्त मोठं. लाकडी भिंती, जाड तुळया, सहाशेच्या घरात खुर्च्या. रंगमंचाच्या मागच्या भिंतीला कोठाराची मोठी दारं ठेवली. ती उघडली की नर्तकाच्या पाठीमागे पडदा नसतो, खरी झाडं असतात. छपराच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबडा नाही, नर्तक आहे: शॉनच्या कंपनीतला सर्वोत्तम नर्तक बार्टन मुमॉ, झेप घेतानाचा. अमेरिकेत केवळ नृत्यासाठी म्हणून बांधलेलं हे पहिलं नाट्यगृह.

९ जुलै १९४२ रोजी ते उघडलं तेव्हा पेट्रोल आणि टायरचं रेशनिंग चालू होतं. मोटारींसाठीच झालेला रस्ता, आणि मोटारी घरी उभ्या. लोक आगगाडीने, मिळेल त्या वाहनाने आले, शेवटचा चढ पायी चढले.

शॉन संचालक झाला आणि तीन दशकं राहिला. एका कार्यक्रमात बॅले, आधुनिक नृत्य आणि जगातल्या कुठल्या तरी देशाचं परंपरागत नृत्य, असं तिन्ही वाढायची त्याची रीत होती. बॅले पाहायला आलेल्या माणसाने ताटात पडलेलं बाकीचंही खाल्लं पाहिजे, हा आग्रह. प्रयोगाआधी पडद्यापुढे येऊन तो बोलायचा, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. नॅशनल बॅले ऑफ कॅनडाने अमेरिकेत पहिलं पाऊल टाकलं ते १९५३ साली इथे. रॉयल डॅनिश बॅलेचे नर्तक १९५५ साली अमेरिकेत प्रथम आले तेही इथेच. नृत्यरचनाकार लेस्टर हॉर्टन अचानक गेल्यावर त्याची कंपनी सावरायला पुढे झालेला तरुण अल्विन एली १९५४ साली आपलं नवखं काम घेऊन आला होता. शॉनला ते मुळीच आवडलं नाही. पुढे हाच एली नृत्यरचनाकार म्हणून जगभर गाजला.

भारतीय वाचकाला या शेतघराशी जोडणारा धागा मात्र याहून जुना आहे, आणि तो थोडा अडचणीचाही आहे.

रूथ सेंट डेनिस प्रसिद्ध झाली ती १९०६ सालच्या 'राधा' या नृत्याने. तेव्हा तिने भारत पाहिलेला नव्हता. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत मांडलेलं 'हिंदुस्थानी खेडं', गारुडी, पुस्तकांतली चित्रं, एवढ्या भांडवलावर तिने राधा उभी केली, आणि ती राधा कमी, पाश्चात्त्यांच्या मनातली देवळातली नाचणारी जास्त. १९२५-२६मध्ये डेनिशॉन कंपनी आशियाच्या लांबलचक दौऱ्यावर निघाली. मुंबई आणि कलकत्त्यासह भारतातल्या अनेक शहरांत प्रयोग झाले. त्याच दौऱ्यात शॉनने 'कॉस्मिक डान्स ऑफ शिवा' हे एकल नृत्य रचलं. धातूच्या मोठ्या वर्तुळात, अंगावर मोजके दागिने घालून, चोळराजांच्या काळच्या नटराजमूर्तीची ठेवण घेऊन तो उभा राहायचा. कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींचा नटराजावरचा निबंध १९१८ साली ग्रंथरूपाने आला होता आणि स्वतः कुमारस्वामी बॉस्टनच्या संग्रहालयात काम करत होते. पाश्चात्त्य कलाजगतात शिव तेव्हा चर्चेत होता. छायाचित्रं पाहिली की वाटतं, माणसाने मूर्ती हुबेहूब उचलली आहे. फक्त मूर्तीतला तोल त्याच्या अंगात नाही.

हे सगळं ढोंग होतं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण शॉन आशियात नुसता मिरवायला गेला नव्हता. तो जिथे जाईल तिथे नाच पाहायचा, शिकायचा, टिपणं काढायचा. १९२९ साली त्याचं 'गॉड्स हू डान्स' हे पुस्तक निघालं. आणि पुढे स्वतःचं नाट्यगृह हातात आल्यावर त्याने एक केलं: आपण नटराज होणं थांबवलं आणि ज्यांचा नटराज होता त्यांना बोलावलं. आधी ला मेरी आली. ही अमेरिकन बाई देशोदेशीची नृत्यं तिथल्या गुरूंकडे बसून शिकलेली. १९४०मध्ये तिने रूथबरोबर न्यूयॉर्कला 'स्कूल ऑफ नाट्य' काढली आणि नंतर 'स्वान लेक' भरतनाट्यमच्या मुद्रांत बसवण्याचं धाडसही केलं. नर्तक राम गोपाल यांना तिनेच तरुणपणी आपल्याबरोबर दौऱ्यावर नेलं होतं. तेही पुढे पिलोच्या मंचावर आले.

१९६२ साली टी. बालसरस्वती आल्या. वय ४४. वीणा धनम्माळ यांची नात, तंजावरच्या देवदासी परंपरेतलं घराणं. मद्रासच्या प्रतिष्ठितांनी ज्या घराण्यांकडून भरतनाट्यम काढून घेऊन ते 'शुद्ध' केलं, त्या घराण्यांतल्या शेवटच्या मोठ्या कलावंतांपैकी त्या एक. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासींच्या समर्पणावर कायद्याने बंदी आली. त्या भोवऱ्यात त्यांची कला बुडायची ती थोडक्यात वाचली. शिडशिडीत देह, भपकेबाज पोशाख आणि हिशेबी हातवारे यांची सवय झालेल्या प्रेक्षकापुढे ही स्थूल बांध्याची बाई एका जागी उभी राहून, स्वतः गात, एकाच ओळीचा अर्थ डोळ्यांतून आणि बोटांतून दहा वेळा दहा प्रकारे उलगडत होती. लेबर सिंफनीचं आणि तिचं नातं काहीच नाही. पण पुरुषाच्या घट्ट दंडांनी ज्या मंचाने नृत्याची प्रतिष्ठा सिद्ध करायला सुरुवात केली, त्याच मंचावर तीस वर्षांनी अभिनयातून उभ्या राहिलेल्या एका आईचा कटाक्ष पुरेसा ठरला. त्यानंतर अमेरिकेतली विद्यापीठं बालसरस्वतींना बोलावू लागली. कनेटिकटच्या वेस्लियन विद्यापीठाशी त्यांच्या कुटुंबाचं जे नातं जुळलं ते पुढे पिढ्यांचं झालं.

शॉनला मखरात बसवण्याचं कारण नाही. पॉल स्कोलिएरी यांनी लिहिलेलं त्याचं विस्तृत चरित्र २०२० साली प्रसिद्ध झालं. त्यात वंशशुद्धी आणि सुप्रजननाच्या त्या काळी बोकाळलेल्या कल्पनांचा त्याच्यावरचा पगडा उघड मांडला आहे. जॅझला तो हलकं समजायचा, आणि त्या हिणवण्यामागे काळ्या माणसांबद्दलचा तुच्छभाव होता. ज्या घराबद्दल पळालेल्या गुलामांना आसरा दिल्याची आठवण सांगितली जाते, तिथे हे लिहिलं-बोललं जात होतं. दुसरीकडे, त्याला स्वतःलाही काही झाकून ठेवावं लागत होतं. बार्टन मुमॉ हा त्याचा जोडीदार होता, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा समलिंगी संबंध गुन्हा होता. 'नाचणारा पुरुष बायकी नसतो' हे सिद्ध करण्याचा त्याचा अट्टहास, ते दंड, ती कुऱ्हाड, हे या माहितीसकट पाहिलं की चित्र गुंतागुंतीचं होतं. मुमॉने पुढे आत्मचरित्रात बरंच मोकळेपणी सांगितलं, पण तोवर १९८६ उजाडलं होतं आणि शॉनला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

जानेवारी १९७२मध्ये शॉन गेला. संस्थापक गेल्यावर अशा संस्थांचं जे होतं ते इथेही झालं. संचालक येत-जात राहिले, पैशांची ओढाताण होती. जागा तगली, कारण तोवर ती फक्त महोत्सवाची राहिली नव्हती. शाळा होती, जुनी छायाचित्रं आणि फिल्म यांचा साठा होता, आणि आपण इथे लहानपणी आलो होतो म्हणणारे शेजारी होते. आसपासच्या प्रदेशाची गरजही बदलली होती. पिट्सफील्ड हे जवळचं शहर जनरल इलेक्ट्रिकच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यावर जगायचं, तो १९८०च्या दशकात बंद पडला. नॉर्थ ॲडम्सची वीजभागांची फॅक्टरीही बंद झाली, आणि तिच्या इमारतींत १९९९ साली 'मास मोका' हे समकालीन कलेचं अवाढव्य संग्रहालय उघडलं. शेती गेली, गिरण्या गेल्या, कारखाने गेले. आता बर्कशरमध्ये उन्हाळ्यात पाहुणे येतात ते संगीत, नाटक, नाच आणि चित्रं पाहायला. यात सगळं गोड नाही. उन्हाळी पाहुण्यांमुळे घरांच्या किमती चढतात आणि कलाकेंद्रात हंगामी काम करणाऱ्याला तिथेच भाड्याने खोली मिळायची मारामार होते.

पिलोचा आजचा पसारा २२० एकरांचा आहे. १९९०च्या दशकात मार्ज चॅम्पियन या नर्तकीने अठराव्या शतकातलं एक कोठार संस्थेला दिलं. ते उचलून इथे आणलं आणि पुन्हा उभं केलं. तिच्या मुलाच्या, ब्लेकच्या, स्मरणार्थ त्याला 'ब्लेक्स बार्न' म्हणतात. संग्रह आणि प्रदर्शनं तिथे आहेत. झाडीत उघड्यावर एक मंच आहे, मागे डोंगरांची रांग. तिथले प्रयोग बरीच वर्षं तिकिटाविना पाहता यायचे. लोक जेवणाचे डबे घेऊन येतात, पोरं गवतात लोळतात, पाऊस आला तर पळापळ. माझ्या मते 'सामुदायिक' या शब्दाला जागणारा कोपरा हाच. आतल्या नाट्यगृहाच्या तिकिटाला आता ७५ सेंट पुरत नाहीत हे सांगायची गरज नाही.

२००३ साली केंद्र सरकारने या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळाचा दर्जा दिला. तो कार्टरांच्या घराच्या वयाबद्दल नाही, तिथे जे नृत्य घडलं त्याबद्दल. २०१० सालचं राष्ट्रीय कलापदक मिळालं. हा बहुमान मिळालेली ही नृत्यप्रयोगांचं आयोजन करणारी पहिली संस्था.

२०२०चा उन्हाळा करोनाने गिळला. इतिहासात प्रथमच महोत्सव रद्द झाला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला पहाटे १९९० सालचं डोरिस ड्यूक थिएटर, म्हणजे आवारातलं दुसरं बंदिस्त नाट्यगृह, जळून खाक झालं. कुणाला इजा झाली नाही, पण लाकडी बांधकाम उरलं नाही. मग जुन्या टेड शॉन थिएटरचीही दुरुस्ती काढली. वातानुकूलन आणि वाद्यवृंदासाठी खड्डा अशा सोयी होऊन ते २०२२मध्ये उघडलं. नवं डोरिस ड्यूक जुलै २०२५मध्ये सुरू झालं. आराखडा मेकानू या डच वास्तुसंस्थेचा. बाहेरून ते पुन्हा लाकडाचंच. हवा-पाण्याने करडं पडत जाणारं. आत मात्र संगणक, कॅमेरे आणि प्रक्षेपणाची अशी यंत्रणा की नर्तक दुसऱ्या खंडात असला तरी त्याच्याबरोबर प्रयोग करता यावा. ही जमीन मुळात मोहिकन लोकांची. जेफ्री गिब्सन या आदिवासी मुळांच्या कलावंताला सल्लागार म्हणून घेऊन त्या इतिहासाची दखल इमारतीच्या रचनेतही घेतली आहे. कार्टरांच्या आधीही इथे कुणी होतं हे सांगायला दोनशे पस्तीस वर्षं लागली.

हिवाळ्यात पाहुणे नसतात. पूर्वी या दिवसांत आवाराला कुलूप असायचं. आता अर्धवट रचना हाती असलेल्या कंपन्यांना काही दिवस राहायला आणि तालमीला जागा दिली जाते, आणि शेवटी जे झालं असेल ते आमंत्रित मंडळींना दाखवतात. याच काळात पिलोचे शिक्षक पिट्सफील्ड आणि आसपासच्या सरकारी शाळांत जातात. तिथे नाचाचा वेगळा तास नसतो. विज्ञानाचा किंवा इतिहासाचा नेहमीचाच धडा घेऊन मुलांनी त्याच्या हालचाली स्वतः रचायच्या, एकमेकांना शिकवायच्या आणि वर्गापुढे करून दाखवायच्या. यातली बरीच मुलं ज्या घरांतून येतात तिथे नाट्यगृहाचं तिकीट काढण्याचा प्रश्नच येत नाही. धडा नीट कळला नसेल तर हालचालही अडते, आणि मग पुस्तक पुन्हा उघडावं लागतं.